रेडिएटरचा विजेवरील पंखा

प्रस्तावना

उन्हाळ्याच्या दिवसांत, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी मोटार तुम्ही नक्कीच पाहिली असेल. बॉनेटखालून वाफ उसळत असते, चालक पाण्याची बाटली हातात घेऊन हताशपणे उभा असतो आणि बरोबरची मुलेमाणसे झाडाची सावली शोधत असतात. ‘गाडी तापली’ एवढेच म्हणून आपण पुढे जातो. पण गाडी तापते म्हणजे नेमके काय होते? ती तापू नये म्हणून तिच्यात कोणती व्यवस्था केलेली असते? आणि ती व्यवस्था अपुरी पडली, तर काय करता येते?

प्रस्तुत पाठात या प्रश्नांचा विचार केला आहे. जुन्या मोटारीला विजेवर चालणारा पंखा बसवताना त्याची वायर कशी जोडावी, याची माहिती येथे दिली आहे. ही माहिती केवळ कृतीची नाही. प्रत्येक कृतीमागचे कारणही तिच्यात आहे. कारण कळले की कृती लक्षात राहते, आणि चूकही वेळीच ध्यानात येते.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• इंजिन थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेचे वर्णन करणे.
• पट्ट्यावर चालणारा पंखा आणि विजेवर चालणारा पंखा यांतील फरक सांगणे.
• रिले, फ्यूज आणि थर्मो स्विच यांचे कार्य स्पष्ट करणे.
• योग्य जाडीची वायर निवडण्यामागचे कारण सांगणे.
• कृती समजावून सांगणाऱ्या लेखनाची भाषिक वैशिष्ट्ये ओळखणे.

मूळ पाठ

१. एक कोडे

छत्तीसगढची राजधानी रायपूर ही महानदीच्या खोऱ्यातील सपाट मैदानात वसलेली आहे. समुद्र दूर असल्यामुळे येथील उन्हाळा प्रखर असतो. मे महिन्यात तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो. तेव्हापासूनच्या नऊ दिवसांना या भागात आणि विदर्भातही ‘नवतपा’ म्हणतात. या दिवसांत माणसेच नव्हेत, तर यंत्रेही कसोटीला लागतात.

रायपूर आणि नागपूर यांचे नाते जुने आहे. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. आजही लग्नकार्ये, शिक्षण, औषधोपचार, व्यापार अशा नाना कारणांनी दोन्ही शहरांत मराठी कुटुंबांची ये-जा चालू असते. हे अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे.

समजा, नवतप्यातल्या एका दुपारी एक टॅक्सीचालक आपली जुनी मोटार घेऊन रायपूरहून नागपूरला निघाला आहे. गाडीत एक वृद्ध रुग्ण आणि त्याचे नातेवाईक आहेत. जयस्तंभ चौकातील गर्दीतून गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. टाटीबंधजवळ मालवाहू ट्रकांच्या रांगेत ती बराच वेळ उभी राहते. चालकासमोरचा तापमानाचा काटा हळूहळू तांबड्या पट्ट्याकडे झुकू लागतो. चालकाच्या कपाळावर घाम येतो. मात्र भिलाई, दुर्ग मागे पडून राजनांदगाव ओलांडले, रस्ता मोकळा झाला आणि गाडीने वेग घेतला की काटा आपोआप खाली येतो.

वेगाने धावणारी गाडी थंड राहते आणि उभी असलेली गाडी तापते, हे कोडे आहे. धावताना इंजिन अधिक काम करते. मग ते अधिक तापायला नको का? या कोड्याच्या उत्तरातच आपला विषय दडलेला आहे.

२. इंजिनातील उष्णता कोठे जाते?

इंजिनात इंधन जळते आणि त्यापासून उष्णता निर्माण होते. या उष्णतेचा साधारणपणे एक तृतीयांश भागच गाडी चालवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर पडतो. उरलेला भाग इंजिनाच्या धातूत शिरतो. तो सतत बाहेर काढला नाही, तर वंगणतेल पातळ होते, सिलिंडरचे हेड वाकते, त्याखालील गॅस्केट जळते आणि शेवटी पिस्टन जागच्या जागी अडकून बसतो. मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नसते. टॅक्सीवर ज्याचे पोट आहे, त्याच्यासाठी हा केवळ दुरुस्तीचा खर्च नसतो. गाडी उभी असेल तितके दिवस त्याची चूलही अडचणीत येते.

ही उष्णता बाहेर काढण्याचे काम पाणी करते. इंजिनाच्या भिंतींत पोकळ मार्ग असतात. त्यांतून पंपाच्या साहाय्याने पाणी फिरते, उष्णता घेते आणि समोरच्या रेडिएटरमध्ये येते. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्या आणि त्यांना जोडलेले पातळ पत्रे यांची जाळी. या जाळीतून हवा वाहते, पाण्याची उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते आणि निवलेले पाणी पुन्हा इंजिनाकडे जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी सुमारे ८२ ते ८८ अंशांपर्यंत तापले की ती उघडते. इंजिन फार थंड राहणेही हितकारक नसते, म्हणून ही योजना आहे.

मोटारीच्या जन्मकाळी अशी सोय नव्हती. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या मोटारीत पाणी उकळून वाफेच्या रूपाने उडून जात असे. १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत मोटारीने गेल्या. मोटारीचा हा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास मानला जातो. त्या वाटेत त्यांना पुनःपुन्हा थांबून पाणी भरावे लागले. पुढे १९०० मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यामुळे थोडे पाणीही पुरेसे ठरू लागले.

रेडिएटरमधील पाणी उकळू नये म्हणून आणखी दोन उपाय योजलेले असतात. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. परंतु रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, आणि दाब वाढला की पाणी अधिक तापमानाला उकळते. घरातील प्रेशर कुकरचे तत्त्वही हेच आहे. दुसरा उपाय म्हणजे पाण्यात कूलंट मिसळणे. त्यामुळे उकळण्याचे तापमान वाढते आणि आतील धातू गंजत नाही.

म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो, आतील पाणी क्षणार्धात उकळते आणि कारंज्यासारखे अंगावर येते. इंजिन बंद करून, ते पुरते निवेपर्यंत वाट पाहावी. या एका नियमाने अनेकांचे चेहरे आणि डोळे वाचले आहेत.

आता कोड्याचे उत्तर पाहू. धावत्या गाडीच्या रेडिएटरवर समोरून वारा आपोआप येतो. गाडी उभी राहिली की तो वारा थांबतो. पाणी फिरत असते, पण त्याची उष्णता घेऊन जाणारी हवाच नसते. म्हणजे उणीव पाण्याची नाही, हवेची आहे. ती भरून काढण्यासाठी पंखा लागतो.

पाठगत प्रश्न १

(अ) इंजिनात निर्माण होणाऱ्या उष्णतेचे साधारण तीन भाग कोणते?
(आ) तापलेल्या रेडिएटरचे झाकण का उघडू नये?
(इ) उभी असलेली गाडी धावत्या गाडीपेक्षा लवकर का तापते?

३. पट्ट्याचा पंखा आणि विजेचा पंखा

अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि जुन्या जीप यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असे. त्याच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्या पंपाच्या पुलीवर पंखा असे आणि तो रबरी पट्ट्याने फिरे. ही रचना साधी आणि भरवशाची होती. तिच्यात एक उणीव मात्र होती. पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगावर अवलंबून असे. गाडी चौकात उभी असते तेव्हा इंजिन मंद चालते, म्हणून पंखाही मंद फिरतो. ज्या वेळी हवेची गरज सर्वाधिक, नेमकी त्याच वेळी हवा सर्वांत कमी! उलट मोकळ्या रस्त्यावर गरज नसताना पंखा जोरात फिरतो आणि इंजिनाची शक्ती वाया घालवतो.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले होते. आडव्या इंजिनाच्या पुलीचे तोंड गाडीच्या बाजूकडे असते, रेडिएटर मात्र समोर असतो. त्यामुळे तेथे पट्ट्याने पंखा फिरवणे सोयीचे नव्हते. विजेचा पंखा आवश्यक ठरला. हा पंखा इंजिनाच्या वेगावर नव्हे, तर पाण्याच्या तापमानावर चालतो. गरज असेल तेव्हा पूर्ण वेगाने फिरतो, गरज संपली की थांबतो. हा गुण पाहून जुन्या गाड्यांचे मालकही आपल्या गाडीला विजेचा पंखा बसवून घेऊ लागले.

४. मंडलातील घटक

विजेचा पंखा थेट बॅटरीला जोडला तरी फिरतो. मग इतर साहित्याची आवश्यकता काय? ते समजण्यासाठी थोडे गणित करू. लहान मोटारीचा पंखा सुमारे १२० वॅट शक्ती घेतो. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट. शक्तीला दाबाने भागले की प्रवाह मिळतो. १२० भागिले १२, म्हणजे १० अँपिअर. पंखा सुरू होण्याच्या क्षणी हा प्रवाह दुप्पट-तिप्पट असतो. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरील नाजूक बटणातून नेला, तर त्याचे संपर्कबिंदू थोड्याच दिवसांत जळून जातात. म्हणून पुढील घटक वापरतात.

थर्मो स्विच : हा रेडिएटरमध्ये आट्यांवर बसवलेला असतो. पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की त्याचे संपर्क जुळतात. उदाहरणार्थ, एखादा स्विच ९५ अंशांना चालू होतो आणि ९० अंशांना बंद होतो. या दोन तापमानांत मुद्दाम अंतर ठेवलेले असते. ते नसते, तर पंखा क्षणोक्षणी चालू-बंद होत राहिला असता.

रिले : हा विजेवर चालणारा स्विच होय. त्यातील वेटोळ्यातून सुमारे ०.१५ अँपिअर इतका अल्प प्रवाह वाहिला की ते चुंबक बनते आणि मोठ्या प्रवाहाचे संपर्क जुळवते. लहान प्रवाहाने मोठा प्रवाह ताब्यात ठेवायचा, हे त्याचे तत्त्व आहे. मोटारीच्या चार पायांच्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची टोके. ३० आणि ८७ ही मोठ्या प्रवाहाची टोके.

फ्यूज : प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की फ्यूजमधील पातळ धातू वितळतो आणि मंडल तुटते. फ्यूज पंख्याचे रक्षण करतो, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः तो वायरचे रक्षण करतो. पंखा अडकला किंवा वायर सोलवटून पत्र्याला टेकली, तर प्रचंड प्रवाह वाहतो, वायर लाल होते आणि गाडी पेट घेऊ शकते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. बॅटरी आणि फ्यूज यांमधील वायरला कोणतेही संरक्षण नसते. ती जितकी आखूड, तितका धोका कमी. १० अँपिअरच्या पंख्याला २० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. पाकळीच्या आकाराच्या फ्यूजमध्ये त्याचा रंग पिवळा असतो. फ्यूज पुनःपुन्हा जळू लागला म्हणून मोठा फ्यूज घालणे किंवा तारेचा तुकडा गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दार उघडे ठेवणे होय.

५. वायर किती जाड असावी?

तांब्याच्या वायरलाही रोध असतो. वायर बारीक आणि लांब असेल तर रोध वाढतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या ४ मीटर तांब्याच्या वायरचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला, तर ०.७ व्होल्ट दाब वायरमध्येच खर्च होतो. तेवढ्याच लांबीची ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर हा खर्च ०.१७ व्होल्टवर येतो. फरक किरकोळ वाटेल. परंतु दाब घटला की पंख्याचा वेग घटतो आणि हवाही कमी होते. शिवाय वायरमध्ये खर्च झालेली वीज उष्णतेच्या रूपाने वायरलाच तापवते. इंजिनाशेजारच्या मुळातच गरम जागेत, रायपूरसारख्या शहराच्या उन्हाळ्यात, ही भर धोकादायक ठरते. म्हणून पंख्याच्या मुख्य वायरसाठी ४ चौरस मिलिमीटर छेद घ्यावा. रिलेच्या वेटोळ्यासाठी मात्र बारीक वायर पुरते, कारण तिच्यातून वाहणारा प्रवाह अल्प असतो.

६. जोडणीचा क्रम

(१) इंजिन पूर्ण निवल्यावरच कामाला हात घालावा. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे.

(२) बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सर्वप्रथम काढावी. मोटारीचा सर्व पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. आधी धन टोक सोडवताना पाना पत्र्याला लागला, तर ठिणग्या उडतात. ऋण टोक आधी सोडवले की हा धोका उरत नाही.

(३) जुन्या पंख्याची पाती काढावीत, परंतु पट्टा काढू नये. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि डायनामो किंवा अल्टरनेटर चालतो. पट्टा काढला, तर पंखा नवा बसेल, पण पाणीच फिरणार नाही.

(४) नवा पंखा पट्ट्यांच्या आणि बोल्टांच्या आधाराने रेडिएटरच्या चौकटीला पक्का करावा. जाळीतून प्लॅस्टिकचे बंद ओवून तो बांधू नये. कंपनांमुळे नळ्या झिजतात आणि पाणी गळू लागते. पंख्याभोवती पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण असावे, म्हणजे हवा रेडिएटरच्या संपूर्ण पृष्ठभागातून ओढली जाते.

(५) रिले कोरड्या आणि त्यातल्या त्यात थंड जागी, टोके खाली येतील असा बसवावा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही.

(६) बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमार्गे जाड वायर रिलेच्या ३० क्रमांकाला न्यावी. ८७ क्रमांकापासून जाड वायर पंख्याच्या धन टोकाला जोडावी. पंख्याची दुसरी वायर अर्थला, म्हणजे रंग खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्याला बोल्टने पक्की करावी. रंगावर किंवा गंजावर केलेले अर्थ हे निम्म्या तक्रारींचे मूळ असते.

(७) इग्निशनच्या किल्लीने चालू होणाऱ्या वायरमधून, ५ अँपिअरच्या लहान फ्यूजमार्गे, रिलेच्या ८६ क्रमांकाला वीज द्यावी. ८५ क्रमांकाची वायर थर्मो स्विचला न्यावी आणि स्विचचे दुसरे टोक अर्थला जोडावे. पाणी तापले की स्विच जुळतो, वेटोळ्याचे मंडल पूर्ण होते आणि पंखा फिरतो.

(८) थर्मो स्विचला समांतर असे एक साधे बटण चालकाजवळ लावावे. थर्मो स्विच प्रवासात निकामी झाला, तर या बटणाने पंखा हाताने चालू करता येतो. ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या चालकाला हे छोटे बटण मोठा आधार ठरते.

(९) प्रत्येक सांधा योग्य मापाचे थिंबल दाबून करावा. वायर नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये. उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो. वायर पत्र्याच्या छिद्रातून जात असेल, तेथे रबरी बुश घालावे.

(१०) सर्व जोडण्या पुन्हा एकदा तपासून शेवटी ऋण टोक जोडावे.

किल्लीऐवजी बॅटरीतून थेट वीज घेऊन रिलेचे वेटोळे चालवण्याची पद्धतही आढळते. तिच्यात इंजिन बंद केल्यानंतरही पंखा काही वेळ फिरतो आणि साठलेली उष्णता बाहेर टाकतो. परंतु थर्मो स्विच चिकटून बसला, तर पंखा रात्रभर फिरत राहील. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी १० अँपिअरच्या पंख्याला साडेतीन तासही पुरत नाही. म्हणून किल्लीची पद्धत अधिक सुरक्षित आहे. ज्या गाड्यांत पंखा किल्ली काढल्यावरही चालू होऊ शकतो, त्यांत बॉनेट उघडताना बोटे, ओढणी, मफलर किंवा बाही पात्यांपासून दूर ठेवावी.

७. तपासणी

किल्ली चालू स्थितीत आणून चालकाजवळचे बटण दाबावे. रिलेचा ‘टक्’ असा आवाज येतो आणि पंखा फिरू लागतो. आता गाडीच्या समोरच्या जाळीजवळ कागद धरावा. रेडिएटरमागे बसवलेला पंखा हवा आत ओढत असेल, तर कागद जाळीला चिकटतो. कागद दूर ढकलला गेला, तर पंख्याच्या दोन वायर उलट जोडल्या गेल्या आहेत, असे समजावे. अशा मोटारीत वायरची अदलाबदल झाली की ती उलट दिशेने फिरते. धावत्या गाडीत वारा समोरून मागे जातो. पंख्याने त्याला साथ द्यावी, त्याच्याशी झुंजू नये.

त्यानंतर इंजिन चालू करून गाडी उभीच ठेवावी. पाणी तापल्यावर पंखा आपोआप सुरू होतो की नाही, आणि काटा खाली आल्यावर थांबतो की नाही, हे पाहावे. दहा मिनिटांनी इंजिन बंद करावे, पंखा थांबल्याची खात्री करावी आणि मग फ्यूजची पेटी व सांधे यांना हलकेच स्पर्श करावा. एखादा सांधा इतरांपेक्षा अधिक गरम लागला, तर तो सैल आहे. रात्री दिवे लावूनही तपासणी करावी. समोरचे दोन दिवे सुमारे १० अँपिअर घेतात, पंखा आणखी १० अँपिअर घेतो. जुन्या गाडीतील डायनामो मंद चालीवर एवढा प्रवाह पुरवू शकत नाही. दिवे मंदावतात आणि बॅटरी उतरत जाते. अशा गाडीला आधी अल्टरनेटर बसवणे इष्ट.

८. पंख्याच्या मर्यादा

विजेचा पंखा हा सर्व दुखण्यांवरचा रामबाण उपाय नव्हे. गाडी केवळ गर्दीत किंवा उभी असतानाच तापत असेल, तर हवेची उणीव आहे. पंखा उपयोगी पडेल. परंतु मोकळ्या रस्त्यावर वेगाने धावतानाही ती तापत असेल, तर वारा भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी रेडिएटर चोंदला आहे का, थर्मोस्टॅट अडकला आहे का, पंप निकामी आहे का, पाणी कोठे गळते आहे का, हे तपासावे. पाठीमागच्या बिघाडाकडे दुर्लक्ष करून पुढे पंखा बसवणे म्हणजे ताप उतरवून रोग तसाच ठेवणे होय.

त्याचप्रमाणे आजच्या बहुतेक मोटारींत पंख्याचे नियंत्रण संगणकीय यंत्रणा करते. तिच्या वायरमध्ये स्वतः फेरफार करू नयेत. ते काम जाणकाराकडेच सोपवावे. वातानुकूलित गाडीत थंडाव्याच्या यंत्रणेची जाळी रेडिएटरच्या पुढे असते, म्हणून ती यंत्रणा चालू होताच पंखाही चालू व्हावा, अशी वेगळी योजना असते.

आता पुन्हा त्या टॅक्सीचालकाकडे वळू. त्याची गाडी मोकळ्या रस्त्यावर थंड राहत होती. म्हणजे रेडिएटर, पंप आणि थर्मोस्टॅट ठीक होते. उणीव केवळ चौकातल्या हवेची होती. हे निदान करण्यासाठी त्याला कोणतेही महागडे उपकरण लागले नसते. काटा केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो, एवढेच लक्षपूर्वक पाहणे पुरेसे होते. पुढच्या नवतप्यात टाटीबंधच्या रांगेत त्याचा पंखा ‘टक्’ आवाज करून फिरू लागेल, काटा थबकेल आणि मागच्या आसनावरील रुग्ण वेळेवर नागपूरला पोहोचेल. निरीक्षण, कारणमीमांसा आणि सावधानता या तीन गोष्टी ज्याच्याजवळ आहेत, त्याला यंत्राचे भय वाटत नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) मारुती ८०० मध्ये विजेचा पंखा आवश्यक का ठरला?
(आ) फ्यूज कोणाचे रक्षण करतो?
(इ) बॅटरीचे कोणते टोक आधी सोडवावे आणि कोणते शेवटी जोडावे?
(ई) पंखा योग्य दिशेने फिरतो आहे, हे कागदाच्या साहाय्याने कसे ओळखाल?

शब्दार्थ

गत्यंतर – दुसरा मार्ग
मंडल – वीज वाहण्याचा पूर्ण मार्ग
रोध – प्रवाहाला होणारा अडथळा
छेद – आडवा कापल्यावर दिसणारा पृष्ठभाग
समांतर – मंडलात शेजारी दुसरा मार्ग म्हणून जोडलेले
कारणमीमांसा – कारणांचा शोध आणि विचार
रामबाण – हमखास गुणकारी

भाषा-अभ्यास

१. ‘ऋण टोकाची वायर सर्वप्रथम काढावी’ या वाक्यातील ‘काढावी’ हे क्रियापद विध्यर्थी आहे. सूचना देणाऱ्या लेखनात अशी रूपे वारंवार येतात. ‘वायर काढ’ किंवा ‘वायर काढा’ हे आज्ञार्थी रूप आहे. विध्यर्थी रूपात आज्ञेपेक्षा सौजन्य अधिक असते आणि सूचना कोणा एकाला न राहता सर्वांना लागू होते. जोडणीच्या क्रमातील कोणतीही पाच विध्यर्थी वाक्ये शोधा आणि ती आज्ञार्थी करून लिहा.

२. प्रवाह, दाब, रोध हे शब्द रोजच्या व्यवहारातले आहेत. परंतु शास्त्रीय लेखनात त्यांना ठरावीक अर्थ येतो. असे शब्द पारिभाषिक शब्द होत. ‘शक्ती’ या शब्दाचा व्यवहारातील आणि या पाठातील अर्थ दाखवणारे प्रत्येकी एक वाक्य लिहा.

आपण काय शिकलो?

• उभ्या गाडीला वारा मिळत नाही, म्हणून तिला पंख्याची गरज असते.
• विजेचा पंखा इंजिनाच्या वेगावर नव्हे, तर पाण्याच्या तापमानावर चालतो.
• रिले लहान प्रवाहाने मोठा प्रवाह नियंत्रित करतो. फ्यूज वायरचे रक्षण करतो.
• वायर जाड, अर्थ स्वच्छ आणि सांधे घट्ट असावेत.
• गाडी केव्हा तापते हे पाहून तिच्या बिघाडाचे निदान करता येते.

पाठान्त प्रश्न

१. पट्ट्याचा पंखा आणि विजेचा पंखा यांची तुलना आठ-दहा ओळींत करा.
२. ‘फ्यूजऐवजी तारेचा तुकडा गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणे’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. एका पंख्याची शक्ती १८० वॅट आहे. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट असल्यास त्यातून किती अँपिअर प्रवाह वाहील?
४. तुमच्या घरातील किंवा व्यवसायातील एखादे यंत्र सुरक्षितपणे कसे वापरावे, हे विध्यर्थी वाक्यांत क्रमवार लिहा. प्रत्येक सूचनेमागचे कारणही द्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) एक भाग गाडी चालवण्याच्या कामी येतो, दुसरा धुराबरोबर बाहेर पडतो, तिसरा इंजिनाच्या धातूत शिरतो. (आ) दाब एकदम नाहीसा होऊन पाणी उसळते आणि अंग भाजते. (इ) उभ्या गाडीच्या रेडिएटरमधून वारा वाहत नाही.
२. (अ) इंजिन आडवे असल्यामुळे पट्ट्याने पंखा फिरवणे सोयीचे नव्हते. (आ) वायरचे. (इ) ऋण टोक आधी सोडवावे आणि तेच शेवटी जोडावे. (ई) कागद समोरच्या जाळीला चिकटतो.